तुम्ही विचारलंत म्हणून: ब्लू रिजवर फॉल कलर्स बघायला कधी यावं?

ऑगस्ट लागला की अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातली, शार्लट-रॅली शहरांकडची मराठी मंडळी ब्लू रिज डोंगरातल्या फॉल कलर्सबद्दल, म्हणजे शरद ऋतूत रंगणाऱ्या पानांबद्दल, विचारू लागतात, "पीक (रंगांचा ऐन बहर) नक्की कोणत्या वीकेंडला? भारतातून आईबाबा येणार आहेत, त्या हिशेबानं तिकिटं काढतो."

असा एक वीकेंड नसतो. ब्लू रिज पार्कवे हा या डोंगरांतून जाणारा ४६९ मैलांचा रस्ता आहे. व्हर्जिनियात जेम्स नदीपाशी तो जेमतेम ६५० फूट उंचीवर आहे आणि नॉर्थ कॅरोलायनात रिचलंड बाल्समला ६,०५३ फुटांवर. रंग डोंगरमाथ्यावरून खाली उतरत येतो, ढोबळमानानं आठवड्याला हजार फूट. म्हणजे सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कुठे ना कुठे पीक असतंच. तारीख तुमच्या सोयीनं ठरवा आणि त्या तारखेला कोणती उंची रंगात असेल ते बघून रस्त्याचा तुकडा निवडा. बहुतेक जण आधी लिन कोव्ह व्हायाडक्टचा (पार्कवेवरच्या डोंगरकडेच्या पुलाचा) फोटो बघून जागा पक्की करतात, मग सुटी मिळेल तेव्हा जातात आणि हिरवी झाडं नाहीतर नुसते खराटे बघून परततात.

नॉर्थ कॅरोलायनापुरता हिशेब असा. पाच हजार फुटांच्या वर सप्टेंबरअखेर ते १० ऑक्टोबर. इथली हमखास जागा म्हणजे माइलपोस्ट (रस्त्याकडेचा मैलाचा खांब) ४१८.८ चं ग्रेव्हयार्ड फील्ड्स. तिथली ब्लूबेरीची झुडपं सगळ्यांच्या आधी लाल होतात. चार हजारांच्या आसपास, म्हणजे ग्रँडफादर माउंटनच्या कडेनं, रफ रिज (३०२.८) आणि लिन कोव्ह (३०४.४) इथे साधारण १० ते २० ऑक्टोबर. बून, ब्लोइंग रॉक यांच्या उंचीला तिसरा आठवडा. ॲशव्हिलच्या आसपास महिन्याचा शेवट. नोव्हेंबर उजाडला असेल तर पार्कवेचा नाद सोडा आणि पायलट माउंटन किंवा हँगिंग रॉक स्टेट पार्कला जा.

एक गोष्ट मात्र आधी कुणी सांगत नाही. सर्वात उंच जागी सर्वात जास्त रंग असेल, हा समज चुकीचा आहे. साडेपाच हजारांच्या वर फ्रेझर फर आणि रेड स्प्रूस ही सदाहरित झाडं वाढत जातात. माउंट मिचेल ६,६८४ फूट, मिसिसिपीच्या पूर्वेचं सर्वोच्च शिखर. पण माथ्यावर हिरवंच दिसतं. तिथे जायचं ते वरून खाली बघायला.

तारीख बदलता येत नसेल तर आमचं ठाम मत: ॲशव्हिलहून दक्षिणेकडचा तुकडा घ्या. माइलपोस्ट ३९३ ला फ्रेंच ब्रॉड नदीपाशी रस्ता सुमारे दोन हजार फुटांवर असतो आणि ४३१ ला रिचलंड बाल्समवर सहा हजारांच्या पुढे. अडतीस मैलांत चार हजार फुटांची चढण. ऑक्टोबरमधल्या कुठल्याही दिवशी या चढणीवर रंगाचा एक पट्टा सापडतोच. तो सापडला की तिथेच रेंगाळा, शेवटपर्यंत जाण्याचा हट्ट धरू नका.

वर्षागणिक यात काही दिवसांचा फरक पडतो. पिवळा रंग पानात मुळातच असतो. हरितद्रव्य गेलं की तो उघडा पडतो, त्यामुळे तो फारसा दगा देत नाही. लाल रंग पानातल्या साखरेपासून शरद ऋतूत नव्यानं तयार होतो. त्याला लख्ख उन्हाचे दिवस आणि थंड, पण पाणी न गोठवणाऱ्या रात्री लागतात. रात्री उबदार राहिल्या तर लाल फिका पडतो आणि उशिराही येतो. सप्टेंबर कोरडा गेला तर पानं कडांनी करपून लवकर गळतात. आणि चक्रीवादळाचं शेपूट येऊन गेलं तर उंच कडे एका रात्रीत उघडे होतात. अशा वेळी ठरल्यापेक्षा हजार-दीड हजार फूट खाली उतरा. तिथली पानं बहुधा अजून झाडावर असतात.

सप्टेंबरातच डॉगवुड, सावरवुड, ब्लॅक गम लाल दिसायला लागले की "पीक आलं" असे मेसेज फिरतात. ती झाडं नेहमीच घाई करतात. खरा भर मेपल, बर्च आणि ट्युलिप पॉप्लर एकदम रंगतात तेव्हा असतो. ओक सर्वात शेवटी तांबूस होतात, त्यामुळे पाच-सहा दिवस उशीर झाला तरी सगळं संपलेलं नसतं.

आणि कृपा करून पंचांगावर जाऊ नका. "मागच्या दिवाळीत काय रंग होते!" हे खरं, पण २०२५ ची दिवाळी २०-२१ ऑक्टोबरला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. झाडं लहान होत जाणाऱ्या दिवसावर चालतात, त्यांना अधिक मास माहीत नाही.

आता गाडीचं. वेगमर्यादा ४५ मैल असली तरी वळणं, थांबे आणि पुढची गाडी धरून ताशी २५ ते ३० च हिशेबात घ्या. दिवसाला साठ-सत्तर मैल पुष्कळ झाले. पार्कवेवर गॅस स्टेशन (पेट्रोल पंप) नाही, टाकी खालूनच भरा. मोबाइलला रेंज नसते आणि जीपीएस संधी मिळताच तुम्हाला हायवेवर काढतं, म्हणून नकाशा आधी उतरवून ठेवा आणि माइलपोस्ट बघत चला. बोगद्यांत दिवे लावा. मागे बसणाऱ्यांना गाडी लागत असेल तर गोळी निघण्याआधी द्या. सहा हजार फुटांवर ॲशव्हिलपेक्षा १० ते १५ अंश फॅरनहाइटनं थंड असतं, साडीवर नुसती शाल पुरत नाही.

सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळानं या रस्त्याचे लचके तोडले आणि दुरुस्ती टप्प्याटप्प्यानं चालली. कोणता तुकडा उघडा, कोणता बंद, हे नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवर माइलपोस्टनुसार दिलेलं असतं. ते आदल्या रात्री आणि निघताना, दोन्ही वेळा बघा.

जमलं तर मंगळवार ते गुरुवार या. शनिवारच यायचं असेल तर सकाळी आठच्या आत पहिल्या ओव्हरलूकवर (देखावा बघायला गाडी थांबवायची जागा) पोचा, दहानंतर पार्किंग मिळत नाही. बूनला मुक्काम करणार असाल तर आधी ॲपलाचियन स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉलचं वेळापत्रक बघा. घरच्या मैदानावर सामना असला की त्या शनिवारी खोली मिळत नाही, आणि मिळालीच तर दुप्पट भावानं.