निळ्या कोंबड्याची काळी पिल्ले
गेल्या श्रावणात माझ्या काळ्या कोचीन बँटम (कोंबड्यांची एक ठेंगणी जात) तलंगेची सात अंडी मी खुडूक बसलेल्या गावरान कोंबडीखाली ठेवली. कोंबडा राखाडी होता. विकणाऱ्याने तो ‘ब्लू’ म्हणून दिला होता. एकविसाव्या दिवशी खुराड्यात पाहिले, तर सातही पिल्ले काळी, फक्त पोटाशी पिवळसर. दुसऱ्या खेपेची नऊही तशीच निघाली.

खऱ्या निळ्या कोंबड्याच्या बाबतीत असे घडणे जवळजवळ अशक्य आहे. निळ्या रंगाच्या जनुकाची एक प्रत मिळाली की काळे पीस पाटीसारखे निळसर होते आणि दोन प्रती मिळाल्या की पक्षी पांढुरका, शिंतोडे उडाल्यासारखा दिसतो. यालाच स्प्लॅश म्हणतात. म्हणून निळ्याला काळी दिली की सरासरी निम्मी पिल्ले निळी निघतात. निळ्याला निळीच दिली, तर चारांत एक काळे, दोन निळी आणि एक स्प्लॅश असे प्रमाण पडते. निळ्या अँडलुसियन जातीच्या कोंबड्या पाळणारे इंग्लंडमधील हौशी लोक काळी आणि स्प्लॅश पिल्ले अशुद्ध समजून काढून टाकत. त्या दोघांची जोडी लावल्यास सर्व संतती निळी मिळते, हे बेटसन आणि पनेट या आनुवंशशास्त्रज्ञांच्या प्रयोगांमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी स्पष्ट झाले. मीही दोन वर्षे स्प्लॅश पिल्ले फुकट वाटली, हे इथे कबूल केलेले बरे.

माझा कोंबडा निळा नव्हे, तर लॅव्हेंडर होता, म्हणजे वेगळ्याच जनुकामुळे फिका राखाडी झालेला. हा रंग अप्रभावी असल्यामुळे दोन प्रती असल्याशिवाय दिसत नाही; पिल्लांना बापाकडून एकच प्रत मिळाली, म्हणून ती सगळी काळी निघाली. खरे तर नीट पाहिले असते, तर खरेदीच्या वेळीच कळले असते. निळ्या नराची मान आणि पाठ गडद असते, पिसांना काळसर कड असते, तर लॅव्हेंडर डोक्यापासून शेपटीपर्यंत एकसारखा फिका असतो.

खात्रीसाठी संक्रांतीनंतर दोन काळ्या लेकी मी बापाकडेच सोडल्या. अकरांपैकी पाच पिल्ले राखाडी निघाली. मात्र त्यांतील एका नराच्या शेपटीची पिसे झिजलेल्या कुंच्यासारखी विस्कटलेली आहेत. हा दोष लॅव्हेंडरच्या जनुकाला अगदी लागून असलेल्या दुसऱ्या जनुकातून येतो आणि लॅव्हेंडरला लॅव्हेंडरच देत राहिल्यास बळावतो. त्या नराला जोडीत घेणार नाही. उरलेल्या चौघांना पुढच्या हंगामात भरगच्च पिसांचे काळे जोडीदार देईन.