ओहोटीच्या वेळेवर चालणारं गाव

स्पेनमधल्या आमच्या कंबादोस गावात किराणा दुकानात जा, औषधाच्या दुकानात जा नाहीतर चौकातल्या बारमध्ये, भिंतीवर भरती-ओहोटीचं छापील कोष्टक लटकलेलं दिसतंच. उद्याची ओहोटी किती वाजता, हे इथे कुणालाही झोपेतून उठवून विचारावं. गावातल्या कितीतरी घरांचा स्वयंपाक, मुलांना शाळेत सोडणं, दवाखान्याची वेळ घेणं, सगळं त्या कोष्टकाकडे बघून ठरतं.

स्पेनमध्ये राहते म्हटलं की रत्नागिरीहून फोनवर हमखास विचारणा होते ती ऊन, बैलांच्या झुंजी आणि फ्लामेंको नाचाची. ते सगळं दक्षिणेचं, आंदालुसियाकडचं. मी राहते तो गालिसिया प्रांत देशाच्या वायव्य टोकाला, पोर्तुगालच्या डोक्यावर. इथे ग्रॅनाइटची घरं, भिंतींवर शेवाळ, निलगिरीची रानं आणि ऑक्टोबरपासून पार एप्रिल-मेपर्यंत येऊन-जाऊन पाऊस. आपल्यासारखा चार महिने कोसळून मोकळा होणारा नाही. बारीक, चिवट, हाडात शिरणारा. भाषाही स्वतःची, पोर्तुगीजची जवळची बहीण. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत ती शाळा-कचेऱ्यांतून हद्दपार होती. आता रस्त्यांच्या पाट्यांपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे आहे आणि दर १७ मेला गालिसियन साहित्याचा दिवस म्हणून सार्वजनिक सुट्टी असते.

किनारा सरळ नाही. समुद्र बुडालेल्या नदीखोऱ्यांतून जमिनीत लांबवर घुसलेला आहे, आपल्या दाभोळ-जयगडच्या खाड्यांसारखा, फक्त खूप रुंद. अशा खाडीला इथे ‘रिआ’ म्हणतात. दक्षिणेकडच्या चार मोठ्या रिआ म्हणजे विगो, पोन्तेवेद्रा, आरोउसा आणि मुरोस-नोया. आमचं गाव आरोउसाच्या काठावर. उन्हाळ्यात उत्तरेचा वारा वरचं पाणी खुल्या समुद्राकडे लोटतो आणि त्याच्या जागी तळातलं थंड, सकस पाणी खाडीत शिरतं. पोहायला उतरलं की दात वाजतात, पण याच पाण्यावर प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढतं आणि प्लवंगावर शिंपले पोसतात. इथल्या चुली त्या गार पाण्याच्या जिवावर पेटतात.

आता ज्यांच्याबद्दल मुळात लिहायला बसले त्या बायकांबद्दल. ओहोटीला वाळूत उतरून शिंपले काढणारीला इथे मारिस्कादोरा म्हणतात. आमची शेजारीण हेच काम करते. तिची आई, आजीही हेच करायच्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी खूप मागे हटतं, तेव्हा कामाचे दिवस जास्त. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी फारसं हटत नाही तेव्हा, उसंत. पहाटे अंधारात, कपाळाला दिवा बांधून, कमरेपर्यंतचा रबरी पोशाख घालून पन्नास-साठ बायका एका ओळीत वाकलेल्या बघितल्या की पहिल्यांदा काही सुचत नाही. हातात आखूड दांड्याचा पंजा. तो वाळूतून ओढायचा, खट्ट झालं की थांबायचं. दगडाचा आवाज वेगळा आणि शिंपल्याचा वेगळा, असं ती म्हणते. मला अजून दोन्ही सारखेच ऐकू येतात.

तिच्या गळ्यात दोरीला धातूची एक पट्टी असते, त्यात ठरावीक मापाची खाच. संशय आला की शिंपला त्या खाचेत धरून बघायचा. आरपार निसटला तर तो लहान, लगेच परत वाळूत. इथल्या सगळ्यात महाग शिंपल्याला, ज्याला आल्मेखा फिना म्हणतात, चार सेंटिमीटरची अट आहे. कुणी बघत नसताना, बोटं थंडीनं सुन्न झालेली असताना, ती बाई एक शिंपला मापात घालते आणि परत टाकते. हे मी पाहिलं तेव्हा माझ्या मनात या गावाबद्दल जो आदर बसला तो आजवर हललेला नाही.

यामागे मोठी व्यवस्था आहे. मच्छीमारांची संस्था असते, कोफ्रादिआ. परवाना असल्याशिवाय वाळूत उतरता येत नाही. आज कुठल्या पट्ट्यात उतरायचं, कुठला पट्टा विश्रांतीला सोडायचा, दर माणशी कुठल्या जातीचे किती किलो काढायचे, हे आधी ठरलेलं असतं. तेवढे भरले की बादली उचलायची आणि वर यायचं, वेळ शिल्लक असली तरी. किनाऱ्यावर माल पुन्हा तपासला जातो, मग लिलावाला जातो. लिलाव उलटा: भाव वरून सुरू होतो आणि खाली उतरत जातो, ज्या व्यापाऱ्यानं आधी बटण दाबलं त्याचा माल. काढण्याइतकंच पेरण्याचंही काम असतं. शिंपल्यांचं बारीक बी आणून वाळूत पसरणं, जिथे दाटी झाली तिथून उचलून दुसरीकडे लावणं, वाहून आलेलं शेवाळ उपसणं, चोरून शिंपले काढणाऱ्यांवर पाळीपाळीनं पहारा ठेवणं. वाळू सरकारची, पण राखतात त्या.

हे पूर्वापार असं नव्हतं. शेजारणीच्या आजीच्या काळी मिळेल ते, मिळेल तितकं काढायचं आणि दारोदार विकायचं. त्याला कुणी काम समजत नव्हतं. १९९० च्या दशकात या बायका संघटित झाल्या, परवाने आले, सामाजिक सुरक्षेत त्यांचं नाव लागलं, निवृत्तिवेतन मिळायला लागलं. कोफ्रादिआच्या सभांत पुरुषांच्या बरोबरीनं मत द्यायला लागल्या. माझ्या माहेरी भाट्याच्या खाडीत ओहोटीला मुळे, म्हणजे आपल्याकडचे शिंपले, काढणाऱ्या बायका मी लहानपणापासून बघत आले. कष्ट तेच, कंबर तशीच मोडते. त्यांना परवाना, हक्काचा पट्टा, ठरलेला भाव आणि म्हातारपणी पेन्शन का मिळू नये, हा प्रश्न मला इथे आल्यापासून सोडत नाही. कोकणात मत्स्यव्यवसायावर काम करणाऱ्या कुणी हे वाचत असेल तर त्यांनी एकदा गालिसियाची पद्धत नीट अभ्यासावी, असं मनापासून वाटतं.

खाडीत पुढे नजर टाकली की पाण्यावर लाकडी तराफ्यांच्या रांगाच रांगा दिसतात. त्या बातेआ. निलगिरीच्या तुळयांचा सांगाडा, त्याखाली जास्तीत जास्त बारा मीटर लांबीचे दोर, एका तराफ्याला पाचशेपर्यंत. त्या दोरांना शिनाणे, म्हणजे काळसर लांबट शिंपले (इंग्रजीत मसल), चिकटून वाढतात. खडकांवरून खरवडून आणलेलं बी दोराला लावून वर बारीक जाळी गुंडाळतात. शिनाणे स्वतःच्या तंतूंनी दोर पकडेपर्यंत ती जाळी विरघळून जाते. गालिसियात असे तीन हजारांहून जास्त तराफे आहेत, त्यातले दोन हजारांहून अधिक एकट्या आरोउसात. स्पेनचे जवळपास सगळे शिनाणे इथूनच जातात.

या पाण्यासाठी ही माणसं काय करतात ते २००२ मध्ये सगळ्या जगानं पाहिलं. त्या नोव्हेंबरात ‘प्रेस्टीज’ नावाचं तेलवाहू जहाज गालिसियाच्या किनाऱ्यापुढे फुटलं आणि सहा दिवसांनी बुडालं. काळं, जाडसर तेल किनाऱ्यावर यायला लागलं. डिसेंबरात तेलाचा तवंग या खाड्यांच्या तोंडाशी आला तेव्हा सरकारी मदतीची वाट न बघता मासेमारीच्या आणि शिनाण्यांच्या बोटी बाहेर पडल्या. लोकांनी जाळ्यांनी, टोपल्यांनी, नुसत्या हातांनी ते तेल उपसलं आणि खाडीत शिरू दिलं नाही. गावातली वयस्क माणसं अजून त्या दिवसांबद्दल बोलताना हात पुढे करून दाखवतात, कोपरापर्यंत काळे झालेले.

सध्याचं संकट गोड्या पाण्याचं आहे. २०२३ च्या शरद ऋतूत इतका पाऊस झाला की खाडीचा खारटपणा उतरला आणि शिंपले वाळूतच मेले. बेर्बेरेचो, म्हणजे आपल्या खुब्यांच्या जवळचा प्रकार, सगळ्यात जास्त गेला. कित्येक महिने बायका वाळू साफ करायला उतरत होत्या आणि काढायला काही नव्हतं. तरुण मुली या कामात यायला तयार नाहीत. वर उया नदीच्या खोऱ्यात सेल्युलोजचा, म्हणजे लाकडाच्या लगद्याचा, मोठा कारखाना आणायचा घाट घातला गेला, त्या विरोधात याच बायका मोर्च्यात पुढे होत्या. नदी शेवटी आमच्याच खाडीत येते.

खाण्याकडे वळते, कारण त्याचीच सगळ्यांना उत्सुकता. इथल्या स्वयंपाकात मसाला जवळजवळ नाहीच. शिनाणे करायचे तर पातेल्यात धुतलेले शिनाणे, एक तमालपत्राच्या वळणाचं पान, झाकण, मोठी आच. पाणीसुद्धा घालत नाहीत. शिंपा उघडल्या की झालं. सुरुवातीला हे मला अर्धवट वाटायचं. सकाळी पाण्यातून निघालेला शिनाणा दुपारी खाल्ला तेव्हा पटलं की यात काही घालणं म्हणजे त्याची चव झाकणं. खोबऱ्याचं वाटण मी सोडलेलं नाही, पण ते आता बाजारातून दुसऱ्या दिवशी आणलेल्या मालाला.

ऑक्टोपस मात्र जत्रेतच खावा. तांब्याच्या मोठ्या हंड्यात पाणी उकळत असतं. बाई ऑक्टोपस डोक्याशी धरून तीनदा बुडवून वर काढते, मगच पाण्यात सोडते, म्हणजे साल सुटत नाही. शिजला की कात्रीनं कचाकचा कापून लाकडी ताटलीत चकत्या, वर जाडं मीठ, पिमेन्तोन म्हणजे लाल मिरचीची धुरकट पूड आणि ऑलिव्हचं तेल सढळ हातानं. सोबत त्याच पाण्यात उकडलेले बटाटे. काट्यानं नाही, दात कोरायच्या काडीनं खायचं. गंमत म्हणजे ऑक्टोपस शिजवण्यात नाव असलेल्या बायका समुद्रापासून दूर डोंगराकडच्या, ओ कार्बायिन्यो भागातल्या. तिथल्या ओसेइरा मठाला किनाऱ्यावरच्या गावांकडून वाळवलेला ऑक्टोपस मिळायचा, त्यातून हे कसब आलं असं सांगतात. आता ऑक्टोपस पुष्कळदा मोरोक्को-मॉरिटानियाहून येतो, हेही इथले लोक लपवत नाहीत.

मिरचीशिवाय ज्यांचं चालत नाही त्यांच्यासाठी पाद्रोनच्या हिरव्या मिरच्या. बोटाएवढ्या, तेलात परतून वर मीठ. दहा खाव्यात, अकरावी डोळ्यांतून पाणी काढते. कुठली तिखट निघेल हे कुणीच सांगू शकत नाही, आणि उन्हाळा सरत जाईल तसा तिखटपणा वाढतो. एर्बोनच्या फ्रान्सिस्कन साधूंनी बी मेक्सिकोहून आणलं अशी गोष्ट आहे. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली, तीही त्याच अमेरिकेतून, त्याच काळाच्या आसपास. ताटात ती दिसली की मला एकदम घरच्यासारखं वाटतं.

शाकाहारी पाहुण्यांना अवघड जातं, स्पष्टच सांगते. भाजीच्या कढणातही डुकराची चरबी असते. बटाट्याचं अंड्यातलं तोर्तिया, जाड कवचाचा आंबूस पाव, तेतिया चीज, नोव्हेंबरात शेगडीवर भाजलेले चेस्टनट, यावर काम भागवावं लागतं. सांतियागोचा बदामाचा केक मात्र कुणीही खावा. मैद्याचा कण नसतो त्यात, अंडं तेवढं असतं.

जेवणाच्या वेळा अंगवळणी पडायला वेळ लागतो. दुपारचं जेवण अडीचला, तेव्हा दुकानं बंद, रात्रीचं नऊनंतर. जूनमध्ये रात्री दहा वाजता उजेड असतो, कारण हा प्रांत इतका पश्चिमेला असून घड्याळ मध्य युरोपचं. २३ जूनच्या रात्री, सान शोआनच्या (सेंट जॉनच्या) सणाला, किनाऱ्यावर होळ्या पेटतात, त्यांवरून उड्या मारतात आणि निखाऱ्यांवर सार्डिन भाजतात. त्या दिवसांत सार्डिनमध्ये इतकी चरबी असते की खालचा पाव तेलानं भिजतो. आपली तारली आठवल्याशिवाय राहत नाही. जुलैत कार्मेन मातेची मूर्ती बोटीत बसवून खाडीत मिरवतात. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी आमच्या गावात आल्बारिन्यो वाइनचा उत्सव, १९५३ पासूनचा. दमट हवेत बुरशी लागू नये म्हणून इथल्या द्राक्षवेली दगडी खांबांवरच्या मांडवावर चढवलेल्या असतात, खाली भाजी पिकते. ऑगस्टमध्येच बुएनोस आयरेस आणि हवानाला गेलेल्यांची नातवंडं आजोबांची घरं बघायला येतात. मुंबईच्या चाकरमान्यांनी गजबजलेलं गणपतीतलं कोकण ज्यानं पाहिलंय त्याला ते वातावरण समजावून सांगावं लागत नाही.

मागच्या हिवाळ्यात शेजारणीला घरी बोलावून बेर्बेरेचोंचं एकशिपी, म्हणजे शिंपल्यांचं आपलं कोकणी कालवण, केलं: खोबरं, लाल तिखट, तिरफळ नव्हतं म्हणून बिनतिरफळाचं, आणि रत्नागिरीहून आणलेलं कोकमाचं आगळ. तिनं आधी एक शिंपला मसाला पुसून खाल्ला, मग मसाल्यासकट. आगळाची बाटली उघडून वास घेतला आणि म्हणाली, पुढच्या वेळी मी शिंपले आणते, तू हे आण.

कुणी इकडे येणार असाल तर सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. ऑक्टोबरात शेजारच्या ओ ग्रोवेला समुद्री खाद्याची जत्रा भरते, १९६३ पासून. पेर्सेबेस, म्हणजे खडकांना चिकटून वाढणारे कवचाचे जीव, मागवण्याआधी किलोचा भाव नक्की विचारा; लाटांखालच्या कड्यांवरून जीव धोक्यात घालून ते खरवडतात, त्यामुळे महाग असणारच. बाजारात शिंपले घेताना जाळीच्या पिशवीवरची चिठ्ठी बघा. कुठल्या खाडीतले, कुठल्या तारखेचे, ते तिच्यावर लिहिलेलं असतं. आणि ओहोटीला किनाऱ्यावर फिरायला गेलात तर वाळूत हात घालू नका. मोकळी दिसली तरी ती कुणाचीतरी पेरलेली असते.