आमची वाटचाल: विदर्भाच्या उन्हात टिकणारी कोकोची वडी

वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, राहत्या घराच्या मागच्या दोन खोल्यांमध्ये, मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई कोको पावडर, खजूर, शेंगदाणे, तीळ आणि जवस यांच्या वड्या तयार करतो. या वड्यांना ओव्हन लागत नाही आणि तयार माल ठेवायला फ्रिजही लागत नाही. ओव्हन न लागणे ही सोय आहे. फ्रिज न लागणे ही मात्र आमच्या धंद्याची अटच आहे. त्यामुळे आमची वाटचाल सांगताना भांडवल आणि बाजारपेठ यांच्या आधी उन्हाळ्याचा विषय घ्यावा लागतो.

आमच्या बचत गटात पूर्वीपासून मुगवड्या, कुरडया, पापड आणि जवसाची चटणी एवढेच होत असे. माल चांगला असे, परंतु पंचक्रोशीतला प्रत्येक गट तेच करीत असल्यामुळे प्रदर्शनात ओळीने सारख्याच पुड्या मांडलेल्या दिसत आणि गिऱ्हाईक भाव विचारून पुढच्या टेबलाकडे जाई. काही वेगळे करावे म्हणून आम्ही नागपूरला चॉकलेटचा वर्ग केला. अशा वर्गांत बहुधा एकच कृती शिकवतात: तयार चॉकलेटची लादी गरम पाण्यावर ठेवून वितळवायची, साच्यात ओतायची, फ्रिजमध्ये घट्ट करायची आणि चकचकीत कागदात गुंडाळायची. पौष महिन्यात ही चॉकलेटे उत्तम होतात, कारण त्या दिवसांत इकडे खोलीतला गारवाच पुरेसा असतो. प्रश्न होळीनंतरचा होता, आणि तो सोडवल्याशिवाय एक रुपयाही गुंतवायचा नाही, असे जाऊबाईंनी पहिल्याच दिवशी बजावले होते.

चॉकलेटला घट्टपणा आणि तकाकी देते ते कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडू लागते. चॉकलेट जिभेवर ठेवताच विरघळते ते याच कारणाने, कारण शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास असते. थंड देशांत हा त्याचा गुण ठरतो. आमच्याकडे मार्च संपता संपता पारा चाळिशीकडे सरकतो आणि मे महिन्यात पंचेचाळीसच्याही वर जातो, तेव्हा दुपारी घरातली सावलीसुद्धा ३४ अंशांच्या खाली नसते. फ्रिजवर भरवसा ठेवावा तर खेड्यातली वीज नेमकी त्याच दिवसांत जाते. एकदा वितळलेले चॉकलेट रात्री पुन्हा घट्ट झाले की त्यातल्या कोको बटरचे स्फटिक पूर्वीसारखे जुळत नाहीत आणि वर पांढरट थर धरतो. हा थर अपायकारक नसतो, पण दुकानदार आणि मुलांच्या आया त्याला बुरशी समजतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

बाजारात यावर कंपाउंड नावाचा पर्याय मिळतो. त्यात कोको बटरऐवजी पामच्या बियांपासून काढलेली किंवा हायड्रोजनीकृत अशी वनस्पतिजन्य चरबी असते, त्यामुळे तो स्वस्त पडतो आणि हाताळायला सोपा असतो. तो थोडा अधिक तग धरतो, तरी आमच्या मे महिन्यापुढे तोही हात टेकतो. शिवाय साखर आणि अशी चरबी हेच ज्याचे मुख्य घटक आहेत, तो माल पौष्टिक म्हणून आपल्याच गावातल्या पोरांना विकणे आम्हाला पटले नाही.

मग आम्ही चॉकलेटची लादी बाजूला ठेवली आणि कोको पावडर धरली. कोकोचा वास, रंग आणि कडवटपणा त्याच्या चरबीत फारसा नसतो; तो उरलेल्या भागात असतो. कोकोच्या बियांतील चरबी दाबून वेगळी काढण्याच्या पद्धतीचे पेटंट १८२८ साली नेदरलँड्समधल्या व्हान हौटन कुटुंबाने घेतले आणि तेव्हापासून चरबी काढून उरलेल्या पेंडीची पावडर जगभर मिळू लागली. आम्ही वापरतो त्या पावडरमध्ये दहा ते बारा टक्के चरबी उरलेली असते, म्हणजे वितळून वाहून जाण्यासारखे तीत काही राहत नाही. वडी बांधून ठेवण्याचे जे काम कोको बटर करते, ते आम्ही खजुरावर सोपवले. खजुराची चिकटाई थंडीच्या आधाराने टिकत नाही. ती बेचाळीस अंशांनाही तशीच राहते. वडी थोडी मऊ होते, पण आकार सोडत नाही.

एका घाण्याचे आमचे प्रमाण सांगण्यात कसलेही गुपित नाही. बिया काढलेला मऊ खजूर अर्धा किलो, शेंगदाणे २०० ग्रॅम, तीळ १०० ग्रॅम, जवस १०० ग्रॅम, कोको पावडर ६० ग्रॅम, साजूक तूप दोन चमचे आणि चिमूटभर मीठ. शेंगदाणे भाजण्यापूर्वी परातीत पसरून काळपट, सुरकुतलेले आणि वास मारणारे दाणे हाताने वेचून काढावे लागतात, कारण बुरशी लागलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते आणि ते भाजल्याने पूर्णपणे जात नाही. या वेचणीला जेवढा वेळ जातो तेवढा पुढच्या कोणत्याही कामाला जात नाही, आणि मजुरी वाचवायची म्हणून इथे घाई करणाऱ्याने या धंद्यात पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. दाणे मंद आचेवर भाजून, चोळून, सुपात पाखडून साले उडवतो. तीळ फुलून रंग बदलेपर्यंत आणि जवस तडतडू लागेपर्यंत वेगवेगळे भाजतो. अख्खा जवस महिनोन्‌महिने टिकतो. परंतु त्याचा कूट केला की त्यातल्या तेलाला हवा लागते आणि थोड्याच दिवसांत तो खवट होतो. जवसात ओमेगा-३ वर्गातले जे स्निग्धाम्ल असते, ज्यासाठी डॉक्टर जवस खायला सांगतात, तेच हवेशी सर्वांत लवकर संयोग पावते. म्हणून कूट लागेल तेवढाच आणि त्याच दिवशी करायचा, हा सासूबाईंच्या चटणीचा नियम आम्ही वडीलाही लावला.

भाजलेले सारे पूर्ण गार झाल्याशिवाय मिक्सरला लावत नाही, कारण गरम कुटाची वाफ खजुरात जिरली की वडीचे आयुष्य कमी होते. याच कारणाने खजूर पाण्यात भिजवत नाही. भिजवलेला खजूर वाटायला सोपा जातो आणि घरी दोन दिवसांत संपणाऱ्या लाडवाला तो चालतोही, पण दुकानात ठेवायच्या मालात पाण्याचा थेंब जाता कामा नये. दूध आणि मावा यांना आम्ही त्याच कारणाने दूर ठेवले आहे. खजूर घट्ट असेल तर कोरड्या कढईत मिनिटभर परतला की मऊ होतो. कोको पावडर कोरडीच मिसळली तर कच्चट लागते, म्हणून ती आधी कोमट तुपात घोळवून घेतो आणि तेवढ्याने तिचा वास खुलतो. सर्व एकत्र मळून, तूप लावलेल्या ट्रेमध्ये थापून, लाटण्याने सारखे करून चौकोनी वड्या कापतो. दाण्यांचे प्रमाण याहून वाढवले तर उन्हाळ्यात तेल सुटून कागद ओला होतो, म्हणून मोह झाला तरी ते वाढवत नाही.

आमची दुसरी वडी संत्र्याच्या सालीची आहे. जिल्ह्यातले आष्टी आणि कारंजा घाडगे हे तालुके संत्र्यांचे असल्यामुळे मृग बहार आणि आंबिया बहार अशा दोन्ही हंगामांत फळ जवळ मिळते. साल स्वच्छ धुऊन वरचा नारिंगी भाग तेवढा किसून घ्यायचा, कारण आतला पांढरा भाग कडू असतो. मग तो सावलीत वाळवून त्याची पूड करायची. कोकोशी संत्र्याचे इतके जमते की ही वडी मोठ्यांनी अधिक उचलली. मुलांना मात्र साधीच लागते.

अन्न सुरक्षा विभागाकडची नोंदणी आम्हाला वाटली होती त्यापेक्षा सोपी होती. आम्ही अर्ज केला तेव्हा बारा लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या लहान उद्योगाला वर्षाला शंभर रुपये शुल्क भरून ऑनलाइन नोंदणी मिळत असे. खरी डोकेफोड झाली ती लेबलवर. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, हिरवा ठिपका छापायचा, शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी सूचना द्यायची, हे सर्व रीतसर केले. त्यानंतर नागपूरच्या एका दुकानदाराने मोठी मागणी देऊ केली, पण वेष्टनावर ‘शुगर फ्री’ असे ठळक छापून हवे होते. अशी दुकाने आणि अशी वेष्टने आज किती तरी आहेत, म्हणून या विषयावर थोडे विस्ताराने लिहिते.

आम्ही वडीत साखर घालत नाही, गूळही घालत नाही. परंतु खजुराच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. ती फळातली आहे, तिच्यासोबत चोथा आणि खनिजे येतात, हे खरे. तरी ती साखर आहे आणि मधुमेह असलेल्या माणसाच्या रक्तात ती साखरेसारखीच उतरते. ‘शुगर फ्री’ तर सोडाच, ‘वरून साखर घातलेली नाही’ असे लिहिण्यालाही २०१८ च्या जाहिरात व दाव्यांविषयीच्या नियमांत अटी आहेत, आणि साखरेच्या जागी सुक्या फळाचा गर वापरला असेल तर तो दावा करता येत नाही. आमच्या वडीत नेमके तेच आहे. म्हणून वेष्टनावर आम्ही ‘गोडवा खजुराचा’ एवढेच छापतो, आणि कोणी मधुमेही गिऱ्हाईक विचारायला आले तर त्यांना डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नका असे सांगतो. ती मागणी अर्थातच गेली. जाऊबाईंना त्याची हळहळ माझ्यापेक्षा जास्त वाटली, पण लेबल बदलायला त्याही तयार नव्हत्या. पौष्टिक म्हणजे काय, तर दाण्यांची प्रथिने, तिळाचे कॅल्शियम, जवसाचे तेल आणि खजुराचा चोथा एका घासात येतात. एवढे सांगितले तरी पुष्कळ झाले.

विक्रीची सुरुवात शाळेजवळच्या दुकानांतून झाली, पण उद्योगाला खरी उभारी दिली ती तान्ह्या पोळ्याने. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुले लाकडी नंदी सजवून घरोघरी नेतात आणि त्यांना खाऊ किंवा पैसे, म्हणजे बोजारा दिला जातो. आमच्या तालुक्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर दूरवर प्रसिद्ध आहे. एका घरी बोजारा म्हणून वडी गेली की तिची चव शेजारच्या दहा घरी कळते, आणि हे कोणत्याही जाहिरातीने साधले नसते. श्रावण अमावास्येच्या आधीचा आठवडा आमच्यासाठी दिवाळीपेक्षा मोठा असतो. अपेक्षा नसलेले गिऱ्हाईक म्हणजे कापूस वेचायला जाणाऱ्या बाया. दुपारच्या शिदोरीसोबत एक वडी वावरात न्यायची, उन्हात पिशवी राहिली तरी ती बिघडत नाही, असे त्यांनीच एकमेकींना सांगितले.

२०२४ हे वर्ष मात्र कठीण गेले. जगातल्या कोकोपैकी निम्म्याहून अधिक पीक पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत येते. तिथे अवेळी पाऊस आणि झाडांवरचे रोग यांमुळे पीक बसले आणि वर्षभरापूर्वी ३,००० डॉलरच्या आसपास असलेला टनाचा भाव मार्चमध्ये १०,००० डॉलरच्या वर गेला. डिसेंबरात तो १२,००० च्याही पुढे होता. आम्ही नागपूरच्या इतवारी बाजारातून पावडर आणतो, तिथे दर दुपटीच्या पुढे गेले. कापसाचा भाव परदेशात ठरतो याची आम्हा शेतकऱ्यांच्या घरांना सवय आहे, पण विकत घेणाऱ्याच्या बाजूने तो अनुभव प्रथमच आला. दहा रुपयांची वडी बारा रुपयांना केली तर सुट्या पैशांवरून दुकानदार कटकट करतात, आणि कोको कमी केला तर तीच वडी राहत नाही. तेव्हा आम्ही वडी वीस ग्रॅमवरून अठरा ग्रॅमची केली, नवे वजन वेष्टनावर छापले आणि दुकानदारांना स्वतः जाऊन सांगितले. काहींनी नाराजी दाखवली, पण माल घेणे कोणी थांबवले नाही. २०२५ मध्ये भाव उतरू लागले, आणि २२ सप्टेंबरपासून चॉकलेट व कोको पावडरवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. आमची उलाढाल जीएसटी नोंदणीच्या मर्यादेखाली असल्यामुळे पावडरवर भरलेला कर आम्हाला परत मिळत नाही, तो खर्चातच धरावा लागतो; त्यामुळे ही कपात थेट आमच्या पदरात पडली. वडी पुन्हा वीस ग्रॅमची केली आहे.

केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेतून बचत गटाच्या सदस्यांना प्रत्येकी ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल मिळत असे. त्यातून दाणे दळायचे यंत्र आणि पाकिटे बंद करायचे यंत्र घेतले. याच योजनेत प्रकल्पाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत अनुदान आहे, तेव्हा वडीवर चॉकलेटचा थर चढवणारे यंत्र आणि शीतकपाट घ्या, असा सल्ला आम्हाला मिळाला. आम्ही तो मानला नाही. अनुदान मिळाले तरी उरलेले कर्ज आमचेच, विजेचे बिल आमचेच, आणि थर चढवल्यावर वडी पुन्हा ३४ अंशांच्या कचाट्यात सापडणार होती.

सध्या ज्वारीच्या लाह्यांच्या वडीवर काम चालू आहे. लाह्यांमुळे वडी हलकी होते, खजूर कमी लागतो आणि ज्वारी घरच्या वावरातली असते. हिवाळ्यात ही वडी कुरकुरीत राहते, उन्हाळ्यातही राहते. पावसाळ्यात मात्र लाह्या हवेतला दमटपणा ओढून चामट होतात. लाह्यांना आधी तूप आणि कोकोचा पातळ थर देऊन पाहिला, त्याने फरक पडतो, पण तो आषाढाला पुरत नाही. त्यामुळे ही वडी दिवाळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंतच विकायची आणि पोळ्याच्या मागणीत ती धरायची नाही, असे आम्ही ठरवले आहे.