गोठ्यासाठी कुत्रा कुठला?

आज गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, दिवसभर हीच चर्चा. दोन गायी, दहा शेळ्या, कोंबड्या, घरात लहान मुलं. माझं मत स्पष्ट आहे: आखूड केसांचं गावठी पिल्लू घ्या, जमल्यास गोठ्यात राहणाऱ्या कुत्रीचं. दाट केसांचे विदेशी कुत्रे आपल्या पावसाळ्यात कातडीच्या रोगांनी हैराण होतात. मुधोळ जातीचा शिकारी कुत्रा देखणा खरा, पण तो पळत्या शिकारीमागे धावणारा. बुजून पळालेली शेळी पाहून त्याला राहवत नाही.

8 आठवड्यांआधी पिल्लू आईपासून तोडू नका. आणल्यापासून शेळ्या, मुलं, पाहुणे यांची रोज ओळख करून द्या, दोरी हातात धरूनच. खरी अडचण पुढे, 6 ते 18 महिन्यांत. खेळता खेळता ते करडांचे कान चावतं. त्या काळात कळपात एकटं सोडू नका.

रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झालं की, मग पशुवैद्य सांगतील तशी. गोचीड रोज शोधा: कानांत, बोटांच्या बेचक्यांत.

आणि कळकळीने सांगतो, रात्री बाहेर साखळीने बांधू नका. बांधलेला कुत्रा बिबट्याला आयता सापडतो. गोठ्याच्या बंद दाराआत ठेवा, भुंकून तुम्हाला उठवलं की त्याचं काम झालं.