पेटी कधी हलवली?

मी पुण्यात जुन्या वेधशाळांचे तापमानाचे आकडे तपासते. घरच्यांना अजून वाटतं मी पाऊस कधी पडणार ते सांगते, असो.

त्या दिवशी विदर्भातल्या एका हवामान स्टेशनवर (नाव नको) गाडी अडली. १९७८ पर्यंत आजूबाजूच्या पाच स्टेशनांसोबत वरखाली होणारी रेघ एकदम ०.८ अंश खाली आली आणि मग परत सगळ्यांसोबत चालायला लागली. आता थंडी काही एका गावापुरती कायमची येऊन बसत नाही. आम्ही मुळात नुसतं तापमान बघतच नाही, प्रत्येक स्टेशनची त्याच्याच जुन्या सरासरीशी तुलना करतो, नासावाले त्यासाठी १९५१ ते १९८० धरतात. महाबळेश्वर आणि सोलापूरचं तापमान कधीच जुळणार नाही पण महिना नेहमीपेक्षा किती तापला हे बऱ्यापैकी जुळतं, शेकडो किलोमीटरपर्यंत जुळतं. म्हणून शेजाऱ्यांनी चुगली केली की कळतं काहीतरी घडलंय.

पण काय? रजिस्टरच्या स्कॅनमध्ये शेऱ्याचा रकाना कोरा. शेवटी चार ठिकाणी फोन करून तिथल्या रिटायर्ड ऑब्झर्व्हर काकांचा नंबर मिळवला.

"काका, ७८ साली काही झालं होतं का हो तिथं?"

"काही नाही झालं... हां, पेटी हलवली ना! कचेरीमागं फरशीचं अंगण होतं, तिथनं उचलून पार शेताकडं नेली. सकाळी साडेआठच्या रीडिंगला मला रोज अर्धा किलोमीटर जास्तीचा पडायला लागला, विसरीन कसा?"

पेटी म्हणजे ती थर्मामीटर ठेवायची पांढरी, झडपांची, उत्तरेकडे दार असलेली. फरशी तापते, शेत तितकं तापत नाही, झालं. मग काका एकदम गप्प झाले आणि म्हणाले, "म्हणजे माझं रीडिंग चुकीचं होतं का गं?" मला कसंतरीच झालं. म्हटलं नाही काका, दोन्हीकडचं बरोबरच होतं, जागा वेगळी एवढंच.

आता दुरुस्ती म्हणजे हलवण्याआधीची वर्षं ०.८ ने खाली आणायची, आणि मग या गावाची तापमानवाढ जास्त दिसणार. लोक म्हणतातच की तुम्ही आकडे फुगवता. अहो, समुद्राचं बघा ना. पूर्वी तापमान मोजायला जहाजावरून कापडी बादलीने पाणी वर ओढायचे, ते वर येईपर्यंत गार व्हायचं, पुढे इंजिनसाठी आत घेतलेल्या पाण्याचं मोजायला लागले. तो फरक काढला की जुना समुद्र जरा गरम ठरतो, आणि पृथ्वीवर समुद्रच जास्त, त्यामुळे जगाची एकूण वाढ कच्च्या आकड्यांपेक्षा थोडी कमीच निघते. हे कोणी सांगत नाही.

अर्ध्या तासाने काकांचाच फोन. "डायरी सापडली. १० जून, शनिवार होता."

माझ्या सॉफ्टवेअरने मे ते जुलै असं काहीतरी म्हटलं होतं. मी १० जून टाकलं.