कार्बोरेटर बदलताना डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूम नळी

नवा कार्बोरेटर बसला, की व्हॅक्यूमच्या दोन-तीन तोट्या समोर दिसतात आणि डिस्ट्रिब्युटरची (प्लगना वेळेवर ठिणगी पोचवणाऱ्या भागाची) नळी जिथे सहज पोचेल तिथे खोचली जाते. गाडी चालू होते, म्हणून चूक लवकर कळतही नाही.

आधी डिस्ट्रिब्युटरवरचा डायफ्राम, म्हणजे व्हॅक्यूमने सरकणारा पडदा, तपासा. नळीतली हवा तोंडाने ओढून तिचं तोंड जिभेने बंद करा. डिस्ट्रिब्युटरमधली प्लेट सरकून तिथेच थांबली पाहिजे. परत आली तर डायफ्राम फाटलाय, पुढची सगळी मेहनत वाया.

मग इंजिन गरम करून आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता चालू, ठेवा आणि प्रत्येक तोटीला व्हॅक्यूम गेज लावा. थ्रॉटल प्लेटच्या (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या कार्बोरेटरमधल्या झडपेच्या) वरच्या तोटीवर आयडलला काटा जवळजवळ शून्यावर राहतो, ॲक्सिलरेटर थोडा दिला की चढतो. खालची, म्हणजे मॅनिफोल्डची तोटी निरोगी इंजिनात आयडललाच साधारण 15 ते 20 इंच पारा दाखवते. मूळ गाडीत जी होती, तीच निवडा. वरच्याऐवजी मॅनिफोल्डची जोडली, तर आयडलला टायमिंग पुढे जाऊन, म्हणजे ठिणगी लवकर पडून (यालाच ॲडव्हान्स म्हणतात), आरपीएम वाढतात. मग लोक आयडल स्क्रू सैल करत बसतात.

काही जुन्या फोक्सवॅगनच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये सेंट्रिफ्युगल (वेग वाढला की बाहेर सरकून ठिणगी लवकर पाडणारी) वजनंच नसतात, सगळा ॲडव्हान्स व्हॅक्यूमवर. तिथे दुसऱ्या जातीचा कार्बोरेटर योग्य सिग्नल देत नाही आणि गाडी ओढत नाही. अशा वेळी डिस्ट्रिब्युटरही बदलावा, हे माझं ठाम मत.

टायमिंग लावताना नळी काढून तिचं तोंड बंद करा, बहुतेक मॅन्युअल हेच सांगतात. न वापरलेल्या तोट्यांना रबरी टोप्या हव्यातच. मॅनिफोल्डची एक जरी उघडी राहिली तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होते.