ऑफिसच्या आठ तासांची हील

हील किती उंच आहे हे बहुतेक जणी मागच्या बाजूने मोजतात. पायाला मात्र जाणवतो तो टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक. मागे साडेसात सेंटीमीटर टाच आणि चवड्याखाली दोन सेंटीमीटरचा प्लॅटफॉर्म असेल, तर पाय साडेपाच सेंटीमीटरच्या उतारावर उभा असतो. उतार जितका जास्त, तितका भार टाचेवरून चवड्यावर सरकतो आणि बोटं पुढच्या निमुळत्या जागेत ढकलली जातात. रोजच्या नोकरीसाठी हा फरक तीन ते पाच सेंटीमीटर पुरे आणि टाच ब्लॉक, म्हणजे जाड आणि रुंद, हवी, हे माझं ठाम मत आहे. पेन्सिल हील लग्नसमारंभाला ठेवावी. जाड प्लॅटफॉर्मने उतार कमी होतो खरा, पण तळ वाकत नाही, खालची जमीन पायाला कळत नाही आणि पाय मुरगळला तर जोरात मुरगळतो.

खरेदीला बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, जायचं तर संध्याकाळी जा. दिवसभरात पाय सुजतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात तर चांगलाच सुजतो. सकाळी नेमका बसलेला बूट चार वाजता चावतो. दोन्ही पाय मोजून मोठ्या पायाच्या मापाने घ्या. युरोपियन मापात एका नंबरचा फरक पावणेसात मिलिमीटरच्या आसपास असतो, ब्रिटिश मापात साडेआठच्या आसपास. त्यामुळे एका मापात ‘हा घट्ट, तो ढिला’ होत असेल, तर दुसऱ्या मापाच्या ब्रँडमध्ये मधला नंबर सापडू शकतो.

बोटं दुखतात म्हणून एक नंबर मोठा घेणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. मोठ्या बुटात पाय आणखी पुढे घसरतो, बोटं आणखी दाबली जातात आणि मागे टाच निसटून फोड येतात. लांबी वाढवून उपयोग नाही, पुढचा भाग रुंद हवा आणि पायाला मागे धरून ठेवणारा पट्टा हवा, घोट्यावर किंवा पायाच्या वरच्या फुगीर भागावर. पट्टा नसलेला, पुढून अगदी उथळ कापलेला बूट (ज्याला पंप म्हणतात) पायात राहावा म्हणून बोटं सतत आवळून धरावी लागतात, आणि त्यातूनच बोटांच्या सांध्यांवर कुरूप येतं.

पैसे देण्याआधी बूट काउंटरवर ठेवून मागून बघा. टाच सरळ उभी हवी आणि बोटाने ढकलल्यावर बूट डुलायला नको. मग दोन्ही टोकं धरून वाकवा. बूट चवड्याच्या जागी वाकला पाहिजे, मधल्या कमानीत नाही. कमानीत वाकत असेल तर आतली पोलादी पट्टी कमजोर आहे किंवा बसवलेलीच नाही, आणि अशा बुटाची टाच काही महिन्यांत मागे कलते. शेवटी दुकानातल्या गालिच्यावरून उतरून गुळगुळीत फरशीवर चालून बघा.

चवड्याखाली लावायच्या सिलिकॉन पॅडबद्दल थोडं सविस्तर, कारण ती जवळजवळ नेहमी चुकीच्या जागी लावली जाते. साधी सपाट गादी नेमकी दुखऱ्या जागेखाली चिकटवली की आधीच दाटीच्या जागेत आणखी दाटी होते. उंचवटा असलेली थेंबाच्या आकाराची पॅड घ्या आणि ती दुखऱ्या जागेच्या मागे बसवा, म्हणजे भार हाडांच्या टोकांवरून मागे सरकतो. जागा शोधायला तळपायावर जिथे दाब दुखतो तिथे लिपस्टिकचा ठिपका लावा, बूट घालून चार पावलं चाला आणि पाय काढा. आतल्या तळावर ठसा उमटलेला असेल. पॅडची पुढची कड त्या ठशाच्या लगेच मागे यायला हवी. आधी दुहेरी टेपने तात्पुरती लावा, अर्धा दिवस वापरा, टोचली तर दोन-तीन मिलिमीटर मागे घ्या आणि मगच पक्की चिकटवा.

रस्त्यावर हील घालू नका. फुटपाथवरच्या पेव्हर ब्लॉकच्या फटी, नालीवरच्या जाळ्या, मेट्रो स्टेशनमधल्या उठावदार पिवळ्या टाइल्स, सगळीकडे बारीक टाच अडकते किंवा डुलते. सरकत्या जिन्याच्या पायऱ्यांवर खाचा असतात, तिथे भार चवड्यावर ठेवून टाच किंचित उचललेली बरी. टू-व्हीलर चालवत असाल तर आणखी एक कारण आहे. सिग्नलला पाय टेकवताना हीलवर घोटा स्थिर राहत नाही, आणि टाचेचं मागचं कव्हर फ्लोअरबोर्डच्या कडेला घासून सोलून निघतं. गाडीवर सपाट, मागून बंद बूट घाला आणि हील कापडी पिशवीत न्या.

ती पिशवी डिक्कीत विसरू नका. बाहेर ४५ अंश असताना उन्हात उभ्या गाडीची डिक्की त्याहून कितीतरी तापते, तळाचा गोंद मऊ पडतो आणि सोल पुढून उघडायला लागतो. पावसाळ्यातली अडचण वेगळी. पॉलियुरेथेनचे सोल दमटपणात न वापरता पडून राहिले की आतून झिजतात आणि एक दिवस भुगा होऊन पडतात. खोक्यात कोंडण्यापेक्षा हवेशीर ठेवा आणि अधूनमधून घाला.

साडी नेसणाऱ्यांना एक गणित सांभाळावं लागतं. हील घालून नेसलेल्या साडीची कड सपाट चपलेवर तेवढीच खाली येते. हील चार सेंटीमीटरची असेल तर कड चार सेंटीमीटर लोळते, रस्त्यावर मळते आणि पायात येते. म्हणून प्रवासाला दोन-तीन सेंटीमीटर जाडीचा, सलग सपाट तळाचा सँडल ठेवा आणि ऑफिसची हील त्यापेक्षा एक-दीड सेंटीमीटरच उंच घ्या. एवढा फरक निऱ्यांत खपून जातो.

चालताना टकटक असा धातूचा आवाज यायला लागला की लगेच मोच्याकडे जा. टाचेखालची छोटी टोपी झिजून आतला खिळा उघडा पडलेला असतो. ग्रॅनाइटवर आणि व्हिट्रिफाइड टाइलवर तो घसरतो. दुरुस्ती लांबवली तर टाचेचं प्लास्टिकही घासलं जातं आणि मग नवी टोपी नीट बसत नाही. दोन्ही पायांच्या टोप्या एकदमच बदला, नाहीतर उंचीत फरक पडतो. जुनी टोपी पकडीने उपटून नवी ठोकायला काही मिनिटं लागतात. तिथेच चवड्याखाली दीड-दोन मिलिमीटरचं पातळ रबर चिकटवून घ्या, गुळगुळीत तळाच्या नव्या बुटाला तर पहिल्याच दिवशी.

वर्षानुवर्षं उंच टाच वापरणाऱ्यांच्या पोटरीचे स्नायू आखूड होतात आणि टाचेमागची शीर जाड, ताठ होते, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मोजून दाखवलं गेलं. म्हणूनच काही जणींना ‘सपाट चप्पलच दुखते’ असं वाटतं. अशांनी एकदम सपाटवर येऊ नये, दर काही आठवड्यांनी एकेक सेंटीमीटर उतरावं. रोज भिंतीला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, ३० सेकंद, प्रत्येक पायाला तीनदा. आधी गुडघा सरळ ठेवून, मग किंचित वाकवून, कारण दोन्ही वेळी वेगवेगळा स्नायू ताणला जातो. तिसऱ्या-चौथ्या बोटामध्ये मुंग्या किंवा करंट लागल्यासारखं होत असेल, तर पॅड बदलत बसू नका, ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा.

राहिली गोष्ट सक्तीची. फिलिपिन्समध्ये २०१७ मध्ये कामगार खात्याने विक्रेत्या आणि तत्सम उभ्याने काम करणाऱ्यांवर एक इंचापेक्षा उंच टाच लादायला मनाई केली. त्याच वर्षी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानेही हीलची सक्ती थांबवली. आपल्याकडे केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय मिळावी म्हणून कायदा बदलला. तुमच्या शोरूमच्या किंवा रिसेप्शनच्या नियमावलीत ‘हील’ लिहिलेलं असेल, तर एचआरला लेखी ईमेल करा. दिवसात किती तास उभं राहावं लागतं आणि फरशी कोणती आहे, हे आकड्यांत लिहा. आणि ‘हील’ऐवजी ‘काळे, पुढून बंद, पॉलिश केलेले, न घसरणाऱ्या तळाचे बूट’ हे शब्द घालावेत, अशी थेट मागणी करा. मसुदा तयार मिळाला की एचआरलाही होकार देणं सोपं जातं.